गणपूर्ती

बिल्ल्यावर छापलंय: श्री. उत्पल शिर्के.
नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "चालशे ने?"
चालेल. एक काना गळला आणि मी पुरुष झाले,
दांडिया बाजारात आईला कळवायला हवं.

तागाची पिशवी, त्यात न उमटणारं पेन,
जेवणाचं गुलाबी कुपन,
आणि पत्रिकेत मी पान अकरावर:
सत्र सहा-ब, खोली सतरा, दुपारी सव्वादोन.
म्हणजे जेवणानंतर.
म्हणजे श्रीखंडानंतर.

उद्घाटनाला सभागृह गच्च.
समई पेटायला नऊ मिनिटं लागली, पंखा कोणी बंद करेना.
बीजभाषणात 'सहभाग' एकेचाळीस वेळा आला,
मी मोजला. मोजायचीच सवय लागलीये.

तीन वर्षं तेच करतेय:
एका लहान नगरपालिकेची इतिवृत्तं,
वाळवीनं कडा कुरतडलेली.
कारकून मकवाणा दिवसाला एकच खंड द्यायचा
आणि परत घेताना पानं मोजून घ्यायचा.
एकशे बारा सभा. त्यांतल्या अडतीस
गणपूर्तीअभावी तहकूब.
दिघेबाई म्हणतात, विषय विहिरीएवढा आहे,
रुंदी विचारू नकोस.

खोली सतरामध्ये सव्वादोनला
अध्यक्ष अंताणीसाहेब,
तीन दिवस गाड्या बदलत ऐजॉलहून आलेली लालरिनपुई,
माइकवाला ठाकोरभाई,
आणि शेवटच्या बाकावर एक गृहस्थ,
त्यांना ही खोली सात वाटत होती.
नांदेडचे कंधारे आलेच नाहीत.
त्यांचा निबंध वाचला असे मानण्यात आले.

पंधरा मिनिटांची सात झाली.
पडद्यावर आधी 'आभार' उमटलं,
मग उलट्या पावलांनी निष्कर्ष, तक्ते, प्रस्तावना.
"बेन, माइक नजीक लो."
मी माइक जवळ घेतला
आणि मला धरून पाच माणसांना
खणखणीत आवाजात सांगितलं
की माणसं सभेला का येत नाहीत.

कोणी हसलं नाही.
मलाच आलं हसू, ते खोकल्यात घातलं.
चिठ्ठी आली: २ मि.
दुष्काळाचं अख्खं वर्ष मी एका स्वल्पविरामात ओलांडलं.

मग खोली सातचे गृहस्थ उठले.
म्हणाले, प्रश्न नाही, निवेदन आहे;
निवेदन त्यांच्या थकलेल्या पेन्शनचं निघालं.
"फार मूलभूत मुद्दा," अंताणीसाहेब घड्याळाला म्हणाले.
इतिवृत्तात याला म्हणतात: साधकबाधक चर्चा झाली.

सांगायचं ते राहूनच गेलं.

संध्याकाळी फाटकाबाहेर, सेव-उसळीच्या गाडीपाशी
लालरिनपुई, तर्रीनं डोळे भरलेले,
तुटक्या हिंदीत म्हणाली,
"तुम्हारा वो अडतीस. बाद में क्या हुआ?"
दिवसभरातला पहिला प्रश्न.

तर त्या नगरपालिकेचा नियम असा:
तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा
गणपूर्तीची अट नसते.
कितीही जण असोत, ठराव होतो.
दोन नळ, स्मशानाचा रस्ता,
मुलींच्या शाळेमागची भिंत, सगळं असंच झालंय,
रिकाम्या खुर्च्यांसमोर.
आणि दर वेळी आलेल्यांत एक नाव असतंच,
आठव्या वॉर्डाच्या चंचळबेन.
पहिल्या खंडात अंगठा.
दुसऱ्यातही अंगठा, पण रेघ सोडून, जरा खाली,
जणू वर काहीतरी लिहायला जागा ठेवलीये.
चौथ्या खंडात सही.

खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन
ठाकोरभाई सायकल काढत होता, तो थांबला.
एक पाय जमिनीवर.
"ने त्रीजामां?"

तिसऱ्या खंडात काय होतं?

उसळ निवत चालली होती.
पिशवीतून मी वही काढली,
पेन उमटेना, म्हणून त्यानं
कानामागचं आपलं दिलं.